इंदुबाईंच्या फ्रीजचा खालचा कप्पा

हो, मीच बोलतोय. बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर इंदुबाईंचं दुकान आहे ना, तिथं वेफर्सच्या माळांमागे घरघरणारा उंच फ्रीज, तोच मी. माझ्या कपाळावर अमेरिकेच्या एका थंडपेय कंपनीचं भलंमोठं नाव आहे. पण ते आता तुम्हाला दिसायचं नाही, इंदुबाईंच्या मुलाने, भाग्येशने, त्यावर पुठ्ठा चिकटवलाय. त्या पुठ्ठ्याचीच तर गोष्ट सांगायची आहे.

लोक मला अमेरिकन म्हणतात तेव्हा हसू येतं. अहो, मी कुठली अमेरिका पाहिली? जन्म गुजरातेतला. दोरखंडाने बांधून टेम्पोत उभा केला, मनोरला ड्रायव्हरने चहा घेतला आणि तिथून थेट बोईसर. एवढाच माझा प्रवास. कंपनीने मला इंदुबाईंना फुकट वापरायला दिलं. अट एकच, आत आमच्या बाटल्यांशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही. इंदुबाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारणीचं विरजण माझ्या पोटात आणून ठेवलं.

इंदुबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा इथल्या कारखान्यात लागला म्हणून आल्या, तो गेल्यावर दुकान टाकलं. दुकानामागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, सगळे कामगार भाडेकरू. फ्रीज कुणाकडेच नाही. मग काय, मी सगळ्यांचाच झालो. कुणाची मळलेली कणीक, कुणाचं दूध, एकदा तर वाढदिवसाचा अख्खा केक. मासळीला तेवढे इंदुबाई हात जोडायच्या.

एजन्सीचा प्रदीप पालघरहून माल घेऊन येतो. त्याला सगळं दिसायचं, पण पठ्ठ्या कधी बोलला नाही. उलट तपासणी असली की आधी फोन करायचा, "मावशी, साहेब निघालेत. कणीक उचला."

माझा खालचा कप्पा मात्र नवसीचा. नवसीचा पाडा मनोरच्या पलीकडे, डोंगरात. इथं ती मागच्या एका खोलीत राहते आणि कारखान्यात पॅकिंगला जाते. तिला शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यावं लागतं. औषध गार ठेवा असं दवाखान्यात सांगितलेलं. गार कुठे ठेवणार बिचारी? औषधाची बाटली डबीत घालून माठाच्या पाण्यात सोडायची. गेल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली माठातलं पाणीच कोमट झालं, औषध खराब झालं आणि नवसी भरदुपारी नळावर कोसळली. भाग्येशने तिला दोन्ही हातांवर उचलून त्याच्या दोस्ताच्या, मिथुनच्या रिक्षात घातलं. ती दवाखान्यातून परत आली तेव्हा इंदुबाईंनी माझा खालचा कप्पा रिकामा केला.

"ह्यो कप्पा तुजा," त्या म्हणाल्या. "कुनी हात लावला तर मला सांग."

तेव्हापासून तिथं एक स्टीलची डबी असते. मी आजवर पुष्कळ गोष्टी गार केल्या, पण त्या डबीवर माझा जीव जडलाय. लाईट गेली की मी दार गच्च धरून बसतो. कुणी उगाच दार उघडलं तर मला रागही येतो.

यंदा भाग्येशच्या कारखान्यावर संकट आलं. तिथं टॉवेल तयार होतात आणि सगळे अमेरिकेला जातात. आपण त्यांना नको असलेल्या देशाकडून तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर लावला. ऑर्डरी थांबल्या, दुसरी पाळी बंद झाली आणि भाग्येश घरी बसला. माझ्यासमोरच्या बाकड्यावर रोज त्याची आणि मिथुनची जुंपायची.

"तेल कुणाकडून घ्यायचं ते हे ठरवणार, आणि आपण यांचंच पाणी पिऊन ढेकर द्यायचे?" भाग्येश म्हणायचा.

"तुज्या हातातल्या फोनातलं पण सगळं तिकडचंच हाय की," मिथुन म्हणायचा.

"सगळं जमत नाही म्हणून काहीच करायचं नाही का?"

मला दोघांचंही पटायचं. माझं पोटच थंड, मी काय भांडणार?

शेवटी एके सकाळी भाग्येशने पुठ्ठा चिकटवला, "येथे अमेरिकन माल मिळणार नाही." बाटल्या गेल्या, ताक आणि कोकम सरबत आलं. खरं सांगू? ताक मला मानवलं. गल्लीतल्या लोकांनाही आवडलं.

महिन्याभराने प्रदीप आला तो तोंड पाडूनच. विक्री नाही तिथला फ्रीज उचला, असा त्याच्या मालकाचा हुकूम होता. उद्या टेम्पो येणार.

"घेऊन जा. आम्हीच सांगणार होतो," भाग्येश म्हणाला.

"तू अमेरिकेला मारतोस भाऊ, पण लागतंय मला," प्रदीप म्हणाला. "बाटली इथंच भरतात, विकतो मी. आज फ्रीज उचलतील, उद्या मला उचलतील."

"माझी पाळी गेली तेव्हा कोण आलं होतं विचारायला?"

"म्हणून माझी घालवायची?"

इंदुबाई गल्ल्यामागून उठल्या. "राग खरा हाय तुजा, भाग्येश. म्हनून तर पुठ्ठा लावू दिला. पर..." त्यांनी खालच्या कप्प्याकडे बघितलं आणि पुढचं गिळलं. पोराची नोकरी गेलेली, त्याला आणखी काय बोलायचं असं त्यांना झालं असावं.

बातमी मागच्या खोल्यांत पोचायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळी नवसी आली. कमरेवर नवा कोरा माठ.

"मावशी, माजी डबी द्या," ती म्हणाली. "मला कोन काय बोलला नाय. पन माज्यापायी तुमच्या घरात भांडन नको. आमी ठेवू माठात."

"परत माठात?" इंदुबाई म्हणाल्या.

"ऊन उतरल आता." बाहेर ऑक्टोबरचा उन्हाळा नुसता रटरटत होता.

भाग्येश त्या माठाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला कळलं, तो नळ मलाही इथून दिसतो. त्याने नवसीच्या कमरेवरचा माठ घेतला, दुकानाच्या दाराशी ठेवला. "हा इथं पाण्याला राहू दे," म्हणाला. मग प्रदीपला फोन लावला. "टेम्पो पाठवू नकोस. एक क्रेट पाठव."

"आणि बहिष्कार?" प्रदीपने विचारलं.

"पिणार नाही. एक थेंब पिणार नाही."

फोन ठेवला तेव्हा पोराचे डोळे भरले होते. केलेली प्रतिज्ञा दुसऱ्यासाठी वाकवायची तर काळजाला लागतंच. मला हात असते तर त्याच्या पाठीवरून फिरवला असता.

आता बाटल्या माझ्या पुढच्या रांगेत उभ्या असतात, त्यांच्यामागे ताक, आणि खाली डबी. बाटल्या कुणी पीत नाही. मिथुन एक नेतो आणि रिक्षाच्या बॅटरीवरचा गंज घासतो, म्हणतो झकास निघतो. दाराशी माठ आहे, येणारे-जाणारे पाणी पितात. पुठ्ठा अजून आहे, वादही रोज चालतो. दुसरी पाळी काही सुरू झालेली नाही. क्रेटचे पैसे शेवटी तिकडेच जातात, हे भाग्येशला खुपतं, आणि तो ते लपवत नाही. म्हणून तो आणि मिथुन पालघरला सेकंडहँड फ्रीज बघत हिंडतायत, कपाळावर कुणाचंच नाव नसलेला.

मिळेल त्यांना. मिळायलाच हवा, मी रुसणार नाही. मी कंपनीचा, आज ना उद्या जायचाच. जाताना गल्लीचं विरजण आठवेल, इंदुबाईंचा ओला फडका आठवेल. फक्त भाग्येश, एवढं ऐक बाबा. नवा फ्रीज आणलास की आधी त्याला चांगला गार होऊ दे. मग नवसीची डबी त्यात ठेव. आणि मगच माझी पिन काढ.