रुखमाबाईंचे पाच शब्द

भागवत नेमकं काय खेळतो हे जानेफळात कोणालाच माहीत नव्हतं, पण त्याचा अभिमान सगळ्यांना होता. कबड्डीतून तो रग्बी लीगमध्ये गेला आणि इंग्लंडातल्या एका क्लबाकडून दोन वर्षं पगारी खेळला. दोन्हीकडं तेरा-तेरा गडी. चेंडू घेऊन पुढं पळायचं, फेकायचा मात्र मागं. हे ऐकून त्याचे वडील उत्तमराव म्हणाले होते, "मंग हे आपल्या पंचायतीतलंच काम हाय. आपण पुढं जायचं अन् सारं मागच्याच्या गळ्यात टाकायचं."

चौथ्यांदा डोकं आपटलं तेव्हा डॉक्टरनं मैदानावरच त्याला विचारलं, आपण कुठं आहोत? भागवत म्हणाला, मेहकरच्या बसस्टँडवर.

क्लबानं त्याला सहा महिने घरी धाडलं. येत्या गुरुवारी डॉक्टर फोनवर परीक्षा घेणार होता. पाच शब्द सांगणार, दहा मिनिटांनी तेच परत विचारणार, आणि वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावणार. पास झाला तर तिसऱ्या वर्षाचा करार. नापास झाला तर खेळ कायमचा बंद. भागवतला दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायचीही इच्छा नव्हती.

परीक्षा म्हटलं की आमच्याकडं एकच इलाज, पाठांतर. त्याची आई रुखमाबाई रोज सकाळी भाकरी थापता थापता त्याला पाच शब्द द्यायची आणि टोपलं भरलं की परत विचारायची. दुरडी, म्हैस, लाटणं, कंदील, बोर. पहिल्या महिन्यात त्याला दोनच आठवायचे. आता पाचही खाडखाड यायचे. उलटे महिने तर असे म्हणायचा की ऐकणाऱ्याचा पाडवा चुकावा.

कराराची आशा जिवंत आहे तोवर सोयरीक उरकावी म्हणून उत्तमरावांनी मंगळवारीच देऊळगाव राजाची मुलगी पाहायचं ठरवलं. डोक्याचा विषय काढायचा नाही, अशी ताकीद घरातून निघतानाच दिली.

पोहे झाले. उत्तमरावांनी मुलीला नाव विचारलं. ते बायोडाटावर ठळक छापलेलं होतं, पण विचारायची रीत आहे. मुलीनं पूनम हे नाव, शिक्षण आणि मामाचं गाव सांगितलं. मग तिचे काका भाऊराव म्हणाले, "आता पोरीलेही काई इचारू द्या. जमाना बदलला."

पूनमनं सरळ भागवतला विचारलं, "तुमच्याआधी सात जण येऊन गेले. मी काय सांगते ते एकानंही ऐकलं नाही. तुम्ही ऐकलं का? माझं नाव काय?"

भागवतनं तिच्याकडं पाहिलं. मग पंख्याकडं. मग आईकडं. रुखमाबाईंचे ओठ हलले, पण मध्ये उत्तमरावांचा फेटा होता. भागवतनं पाठ ताठ केली आणि जे येत होतं ते म्हणायला लागला, "फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष..."

तो चैत्राला पोचला तेव्हा सगळं घर हसत होतं. पूनमसुद्धा.

"मोठा गमत्या हाय हो जवाई," भाऊराव म्हणाले, आणि तिथंच साखर वाटली गेली.

परतीच्या बसमध्ये उत्तमराव पुढच्या सीटवर समाधानानं घोरू लागले. भागवत हळूच म्हणाला, "माय, मले तिचं नाव काऊन नाई सापडलं? परीक्षेचे तर पाचही येऊन राह्यले."

सहा महिने रुखमाबाई रोज तेच पाच शब्द देत होत्या. इंग्लंडातल्या डॉक्टरच्या घरी दुरडी कुठून असायची?

"आज दुसरे घेऊ," त्या म्हणाल्या. "आयक. चाळणी, बकरी, दोरी, चिंच, पूनम."

भागवतनं मान डोलावली. साखरखेर्डा आलं, माणसं उतरली, चढली, बस निघाली.

"सांग बरं."

"दुरडी, म्हैस, लाटणं, कंदील, बोर." एकदाही न अडखळता. मग त्यानं आईकडं पाहिलं. "बराबर?"

"हाव," रुखमाबाई म्हणाल्या. "बराबर हाय."

"मंग गुरवारचं भेव नाई," भागवत म्हणाला, आणि त्यानं खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं.

रुखमाबाईंनी गज आणि डोकं यांच्यामध्ये आपला तळहात घातला. पुढचा रस्ता खराब होता.