मशीन जड झाली म्हणे

मित्रांनो, शाळेच्या पुस्तकात मला शिवणयंत्र म्हणतात. तसे कोणी म्हटले की पूर्ण नावाने हाक मारून रागावल्यासारखे वाटते. दुकानात मी नुसती मशीन आहे. पायाने चालणारी, काळ्या रंगाची, जुनी. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी माझ्या शिंपी मास्तरांच्या मनगटाने घासून केव्हाच निघून गेली. दिसायला मी कशीही असेन, पण चालायला जड कधीच नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्यावर नेमका तोच आळ आला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लोखंड वितळवून साच्यात ओतत आणि थंड झाले की कानस मारून गुळगुळीत करत. माझे चाक बसवणारा कारागीर फार चिकित्सक होता. मनासारखे फिरेपर्यंत त्याने ते पुन्हा पुन्हा काढले आणि बसवले. शेवटी एक बोट लावून चाक सोडून दिले तर ते फिरतच राहिले. तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला, "ही कुणाच्या पायाला त्रास द्यायची नाही." त्या वाक्याचा मला फार अभिमान वाटे. म्हणून तर पुढचे सगळे जिव्हारी लागले.

मास्तरांनी मला दुकानात आणले तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे खिडकी, खिडकीशी मी, मागे कापायचे टेबल आणि भिंतीला एक आरसा. त्या आरशात गिऱ्हाईक आहे त्यापेक्षा जरा बारीक दिसते. मास्तरांनी तो मुद्दाम शोधून आणला होता. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणतात. काकू टेबलापलीकडे बसून काजे करायच्या, बटणे लावायच्या आणि मधूनमधून मास्तरांच्या चुका काढायच्या. तिन्ही कामांत त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

मास्तरांच्या पायाला लय होती. आधी टाच, मग चवडा, पुन्हा टाच. पायडलवर त्यांचा पाय पडला की आज मास्तर खुशीत आहेत की कोणावर चिडले आहेत, ते मला लगेच समजे. आम्ही दोघांनी मिळून किती तरी शाळांचे गणवेश शिवले, नवरदेवांचे कोट शिवले, दवाखान्यांचे पडदे शिवले. बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या एका माणसाचा कोट तर दर वर्षी उसवून मोठा केला. लोक म्हणत, "मास्तर, तुमची मशीन लोण्यासारखी चालते हो." मास्तर म्हणत, "चालणारच. माझी आहे." मग काकू दोरा तोडता तोडता म्हणत, "माझं असं कौतुक कधी झालं नाही." ते दिवस फार सुखाचे होते.

मग मास्तरांचे थोरले भाऊ गेले. जिना चढताना छातीत कळ आली म्हणून ते पायरीवर बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. डॉक्टरांनी मास्तरांनाही रक्त तपासायला लावले. रक्तात चरबी फार निघाली. कोलेस्टेरॉल म्हणतात ना, तेच. रोज एक गोळी घ्यायची असे ठरले. दुकान बंद करण्याआधी मास्तर ती गोळी पाण्याबरोबर घेत आणि टेबलाला हात टेकून जरा वेळ उभे राहत. तेव्हा त्यांना भावाची आठवण येत असावी. त्या गोळीवर त्यांचा जितका विश्वास होता तितका आजवर फक्त माझ्यावर होता.

काही महिने ठीक गेले. एका सकाळी पडद्याची लांबलचक टीप मारता मारता मास्तर मध्येच थांबले.

"अगं, ही मशीन जड चालतेय."

"तेल घाला," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, मी जड नव्हते. माझे चाक होते तसेच होते. मास्तरांचा पाय पायडलवर पडत होता, पण दाबत नव्हता. चवड्यापर्यंत येता येता तो अडखळे. मांडीची बारीक थरथर पायडलमधून, दांड्यातून, थेट माझ्या चाकापर्यंत येई. मला सगळे समजत होते आणि सांगता काहीच येत नव्हते. माझ्याजवळ एक सुई आहे आणि एक खटखट आहे. त्यातून माणसाला काय सांगणार?

मास्तरांनी तेल घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले. मग रोजच घालू लागले. शेवटी माझ्या पोटातून तेल निथळून एका नर्सबाईंच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर पडले. मास्तरांच्या हातचे कापड आजवर कधी परत आले नव्हते. नर्सबाई भल्या होत्या, हळू आवाजात बोलल्या, पण मास्तरांची मान खाली गेली. बाई गेल्यावर त्यांनी रागाने माझे चाक गर्रकन फिरवले. ते किती तरी वेळ फिरत राहिले. तिकडे त्यांचे लक्ष नव्हते.

पट्टा बदलून झाला. मग मिस्त्री आला. त्याने मला उलटी केली, माझे सगळे भाग काढून वर्तमानपत्रावर मांडले, पुसले, परत जोडले. कुठेच काही सापडले नाही. पण मिस्त्री लोकांना "काही झालेलं नाही" हे वाक्य तोंडातून काढणे फार अवघड जाते. तो हात पुसत म्हणाला, "जुनी झाली मास्तर. आतून झिजली." इतके निदान करून तो चहा पिऊन गेला. माझ्या अब्रूचे मात्र खोबरे झाले.

सगळ्यात जास्त चुटपूट मला एका दुपारची लागली आहे. डॉक्टर स्वतः दुकानात आले होते. त्यांची पँट कमरेत सैल करायची होती. मास्तर टेप लावत असताना त्यांनी सहज विचारले, "गोळ्या चालू आहेत ना? काही त्रास? अंग दुखणं, पाय जड वाटणं?"

माझी सुई कापडात तशीच रोवलेली होती. मला वाटले, आता बोलतील. आता सगळे उलगडेल.

"मला कसला त्रास?" मास्तर म्हणाले. "मशीन तेवढी जड झालीय."

डॉक्टर हसले. "तिच्यावर माझ्याकडे औषध नाही," म्हणाले आणि आरशात बघून खूश होऊन निघून गेले.

एकच शब्द होता, मित्रांनो, 'जड'. दोघांच्याही तोंडी तोच होता, तरी एकाचा दुसऱ्याला उमगला नाही. डॉक्टर माझ्यासमोर हातभर अंतरावर उभे होते आणि मी लोखंडाच्या गोळ्यासारखी गप्प बसून राहिले. त्या दिवशी मला माझाच राग आला.

काम मागे पडू लागले. गणवेश वेळेवर होईनात. मास्तर स्टुलावर बसताना भिंत धरू लागले आणि उठताना माझ्यावर भार टाकू लागले. एक दिवस ते काकूंना म्हणाले, "विकून टाकू हिला. दुकानही आवरतं घेऊ. मशीनच साथ देत नाही तर काय करणार?" काकूंनी बटण लावायचे थांबवले, पण बोलल्या नाहीत. बोलता मला येत नाही आणि बोलायचे असून त्या बोलल्या नाहीत. आम्ही दोघी त्या दिवशी सारख्याच अडकलो होतो.

पलीकडच्या बेकरीवाल्या बाईंना कामगारांसाठी ॲप्रन शिवायला मशीन हवी होती. त्या बघायला आल्या. मास्तर मनाचे सरळ, त्यांनी आधीच सांगून टाकले, "बाई, जड चालते बरं का. मागाहून म्हणू नका." बाईंनी पिठाचे हात पदराला पुसावेत तसे आपल्या ॲप्रनला पुसले, स्टुलावर बसल्या, एक चिंधी सुईखाली धरली आणि पाय मारला.

मी धावले. आयुष्यात कधी धावले नव्हते तशी धावले. तेवढे एकच मला करता येत होते.

"अहो, ही तर किती हलकी आहे," बाई म्हणाल्या. "जड कुठं?"

मास्तर त्यांच्या पायाकडे बघत राहिले. "पुन्हा चालवा बरं." बाईंनी पुन्हा चालवली. मग मास्तर स्वतः बसले. दोन ओळी झाल्या आणि त्यांचा पाय थांबला.

काकूंनी हातातली सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. "अहो, उभे राहा बरं."

"कशाला?"

"राहा म्हणते ना. हात न टेकता."

मास्तरांनी प्रयत्न केला. अर्धे उठले आणि पुन्हा बसले. बेकरीवाल्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"वय झालं आता," मास्तर म्हणाले.

"मागच्या वर्षी वय नव्हतं का?" काकू म्हणाल्या. "बसमध्ये चढताना माझा खांदा धरता. मला वेडीला वाटलं, म्हातारपणी प्रेम वाढलं."

बेकरीवाल्या बाई मला न घेताच गेल्या. मास्तर आणि काकू त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. आल्यावर काकूंनी जे सांगितले ते मी ऐकले. ही गोळी घेणाऱ्या काहींच्या स्नायूंना असा त्रास होतो. मग मास्तरांचे रक्त तपासले, त्यातही ते दिसले. डॉक्टर म्हणाले होते, "मी तुम्हाला विचारलं होतं की." त्यावर मास्तर म्हणाले, "तुम्ही माझं विचारलंत, मी मशीनचं सांगितलं."

डॉक्टरांनी ती गोळी काही आठवडे थांबवली. हळूहळू मास्तरांचा पाय परत आला. टाच, चवडा, टाच. एकदा ते सहज बोलून गेले, "आज मशीन हलकी चालतेय," आणि मग दोघे नवराबायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मास्तरांनी माझ्या चाकावर हात ठेवला. "उगाच नाव खराब केलं हिचं," म्हणाले. मला वाटले, संपले एकदाचे.

पण रक्तातली चरबी पुन्हा चढली. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, कमी ताकदीची. थोड्या दिवसांनी पायडलमधून पुन्हा थरथर यायला लागली. पहिल्याइतकी नव्हती, पण होती. ती सगळ्यांत आधी मला समजली.

त्या संध्याकाळी काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला, तर मास्तरांनी तो बाजूला सारला. "नको मला ती गोळी."

"भावजींना विसरलात?"

"दादा एका दिवसात गेला. मी रोज थोडा थोडा जातोय."

काकू तरी काय बोलणार? गोळी सोडावी तर छातीची भीती आणि घ्यावी तर पाय जातात. त्यांनी पेला पुन्हा पुढे केला. मग मास्तरांनी पेला घेतला आणि गोळी गिळली. ती त्यांनी स्वतःसाठी घेतली नाही, हे मलासुद्धा दिसत होते. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि कोणाच्याच उपयोगाची नव्हते.

पुढे डॉक्टरांनी गोळी बदलून पाहिली, एक दिवसाआड करून पाहिली. दुखणे कधी कमी होते, कधी वाढते. "याच्यासोबतच राहायला शिकावं लागेल," असे ते म्हणाले म्हणे. म्हणून काकूंनी पुन्हा मिस्त्रीला बोलावले आणि मला विजेची मोटर बसवून घेतली. मास्तर खूप कुरकुरले. "चालता येणाऱ्याला कडेवर घेतल्यासारखं वाटतं," म्हणाले. पण बसवू दिली. पायडल आणि चाक यांना जोडणारा दांडा मिस्त्रीने काढून कोपऱ्यात उभा केला.

आता मास्तर पायाने नुसते बटण दाबतात आणि मी पळते. गणवेश वेळेवर होतात. दुकान चालू आहे. काम गेले नाही, मास्तरही आहेत. मी तक्रार करू नये. पण मित्रांनो, आधी त्यांचा पाय दुखला की मला समजायचे. सांगता येत नव्हते, समजत तरी होते. आता तेही गेले. काल मास्तर टीप मारता मारता मध्येच थांबले आणि खिडकीबाहेर बघत बसले. पाय दुखत होते की बाहेर ओळखीचे कोणी दिसले होते, मला समजले नाही.

म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरातले कोणी म्हणू लागले की हल्ली जिना फार उंच झालाय, बाजाराची पिशवी जड लागते, डब्याचे झाकण कोणीतरी फार घट्ट लावलेय, तर हसण्यावारी नेऊ नका. जिना होता तेवढाच आहे. त्यांच्याजवळ बसा. पाय कसे आहेत, हात कसे आहेत, नवीन गोळी कोणती सुरू झाली, ते विचारा. ती गोळी मनाने बंद करू देऊ नका, त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे न्या आणि सगळे सांगायला लावा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. आणि हो, एकदाच विचारून थांबू नका. पहिल्यांदा विचाराल तेव्हा ते जिन्याचेच सांगतील.