बशीतलं तळं

"चढ़ रहा है! अरे, चढ़ रहा है!"

घाटावर एकच कल्ला उठला. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकून माना उंचावल्या. ओरछा गेटच्या गल्ल्यांतून आलेल्या बायका, बरुआसागरच्या बसमधून उतरलेले शेतकरी, छावणीतल्या बंगल्यांचे माळी, एका सायकलीवर तिघं बसून आलेली पोरं, सगळ्यांचे डोळे एका पायरीवर खिळले होते. दुपारी ती पायरी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी असायची. आता तिच्यावर पाणी येत होतं. हळूहळू, मांजराच्या पावलांनी. शेवटी ते फूँकवाल्या बाबांच्या पायाच्या अंगठ्याला शिवलं.

"मैया ने चरन छुए!" कुणीतरी ओरडलं आणि नारळ फुटले.

गेल्या साली पावसाने झाशीकडे पाठ फिरवली होती. आणीबाणी उठली, सरकारं बदलली, पण ढग काही बदलले नाहीत. शहराबाहेरचं सिंदूरताल आटत आटत निम्म्याच्याही खाली आलं होतं, आणि जवळपासच्या मोहल्ल्यांना प्यायला तेवढंच पाणी होतं. अशा ज्येष्ठात कुठून तरी हे बाबा आले, महादेवाच्या देवळाखालच्या घाटावर बसले आणि रोज संध्याकाळी चमत्कार करू लागले. रीत ठरलेली. आधी देवळाच्या ध्वजाचं दर्शन घ्यायचं, मग डोळे मिटायचे, गाल पुरीसारखे फुगवायचे आणि तळ्याकडे तोंड करून लांब फुंकर मारायची. फूऽऽ. ज्या दिवशी ध्वज गप्प लटकत असे, त्या दिवशी बाबांचं मौन असे.

"जिज्जी, बोलो! सरकारी आँकड़ा बोलो!" बाबांनी हात उंचावला.

जिज्जी म्हणजे लीला, पुजाऱ्याची बायको. हे रोजचं पुढे होणं तिला नकोसं वाटे.

देवळाची पूजा तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पाण्याच्या खात्याने घाटाच्या भिंतीवर मोजपट्टी रंगवली, तेव्हा ती बघण्याचं कामही याच घराकडे आलं. दिवेलागणीला महादेवापुढे दिवा लावायचा, तसंच पायऱ्या उतरून पट्टीवरचा आकडा बघायचा, अशी घरची पद्धत पडून गेली. नवरा दत्तात्रेय पूजा सांगे, पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून आकडा लीला वाचत होती. पंचेचाळिशीची बाई. शाळा चौथीत सुटली, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायची खोड सुटली नव्हती.

तिने पट्टीकडे पाहिलं. आकडा कालचाच होता. आठवडा झाला, रोज तोच.

"कालच्याइतकंच आहे," ती म्हणाली. खोटं कसं बोलणार? पट्टीच तसं सांगत होती.

"सुना?" बाबा गर्जले. "सारे बुंदेलखंड के ताल सूख रहे हैं, ये ताल रुका है! ये सब प्रभु की लीला है!"

सगळ्यांनी लीलाकडे बघून हात जोडले. तिला वाटलं, या नावाबद्दल आईला एकदा जाब विचारायला हवा होता.

"लेकिन!" बाबांनी आवाज उतरवला. "हम साँझ को चढ़ाते हैं, तो रात में कोई पी जाती है. उस पार बैठी है. नज़र है उसकी. परसों पूनम है. उसे यहाँ लाओ, बाल उतारो, गाँव से निकालो. फिर नहर का फाटक खोल देना. पानी कभी कम नहीं होगा, ये हमारी ज़बान!"

तळ्यातून निघणाऱ्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, खाली ज्याचे खरबुजाचे मळे होते त्या ठेकेदाराने सगळ्यांत मोठ्याने जयजयकार केला. बाबांचा तंबूही त्यानेच ठोकून दिला होता. खात्याचे तिवारी साहेब मान डोलवत म्हणाले, "लेवल स्थिर है, तो फाटक खोलने में हर्ज क्या है?" आणि आकडा कुणी दिला होता? लीलानेच.

उस पार, म्हणजे तळ्याच्या पश्चिमेला, मासे धरणाऱ्या आणि शिंगाडे लावणाऱ्या लोकांची वस्ती होती. बाबांचं बोट ज्या झोपडीकडे जात होतं ती कुसमाची. एकटी बाई, तोंडाने फटकळ. कुणालाही डाकीण ठरवायला एवढी पात्रता पुरते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कुसमा मागच्या दाराने लीलाच्या स्वयंपाकघरात आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"जिज्जी, हमें डायन कहत हैं. घर में गोबर के कंडा फेंकत हैं. हम का करें, बताओ."

लीलाने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. कुसमाने तो हातात घेतला नाही.

"हम पी लें, तो कल कहें के देखो, इहाँ भी पी गई."

"पी गं बाई. माझ्या घरचा तांब्या आहे, तळं नाही." लीला हिंदीत म्हणायचं ते मराठीत म्हणून गेली, पण कुसमाला कळलं. ती गटागटा प्यायली आणि मग रडायला लागली.

"पानी तो हमसे भी रूठो है, जिज्जी. संजा कें भगत है. कीचड़ रह जात. भुनसारें लौट आउत."

लीला तिच्याजवळ सरकली. "काय म्हणालीस? कधी परत येतं?"

"भुनसारें."

भिनसारी. लीलाची आई पहाटेला हाच शब्द वापरायची. लीलाला तो ओळखीचा पाहुणा दारात यावा तसा वाटला. संध्याकाळी त्या काठावरून पाणी पळतं तेव्हा या काठावर चढतं. आणि पहाटे तिकडे परततं तेव्हा? तेव्हा इकडे काय होतं? ते कुणी बघितलंच नव्हतं. पट्टी बघायची ती दिवेलागणीला, दिव्याबरोबर. इतक्या वर्षांत हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं, की देवाची वेळ आणि पाण्याची वेळ एकच असायला हवी असं कुठे आहे?

पुनवेच्या दिवशी उजाडता उजाडता ती घाट उतरली. वारा पडलेला. तळं थाळीत ओतलेल्या ताकासारखं निपचित. काल बाबांचा अंगठा जिथे भिजला होता ती पायरी खडखडीत कोरडी होती. पाणी पट्टीवर चार बोटं खाली होतं, आणि नीट बघितलं तर चार नाही, पाच.

ती घरात आली तेव्हा दत्तात्रेय चहा पीत बसला होता. बशीत ओतून, फुंकून फुंकून, सुर्र करत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्या सुर्रवरून रोज एक शब्द तरी व्हायचा. आज ती गप्प उभी राहिली. दत्तात्रेयाने फुंकर मारली की बशीतला चहा पलीकडच्या कडेला गोळा होत होता, आणि अलीकडे बशीवरचं निळं फूल उघडं पडत होतं.

"अहो, आता कपात फुंका बघू."

"म्हणजे?"

"फुंका हो."

त्याने कपात फुंकलं. चहा जरासा थरथरला, बस. जागचा हलला नाही.

लीला पाटावर बसली. "तळं भरलेलं होतं तेव्हा ते कप होतं. वारा वाहून वाहून काय करणार? आता उथळ झालं. बशी झाली. संध्याकाळचा तापलेला वारा, ही लू, पश्चिमेकडून येते, सगळं पाणी आपल्या घाटाला आणून लावते. पाणी वाढत नाही, अहो, एका कडेला गोळा होतं. आणि जितकं आटेल तितकं जास्त गोळा होईल. म्हणजे आपला आकडा जागेवर आहे, कारण तळं मरतंय."

दत्तात्रेयाने बशी खाली ठेवली.

"खरं असेल," तो म्हणाला. "पण बोलणार कोण? पाचशे माणसं आहेत बाहेर. आपण चार घरं मराठी, या देवळाच्या आधाराने राहतो. उद्या म्हणतील, पुजाऱ्याच्या बायकोने मैयाला नाव ठेवलं. जाणार कुठे आपण?"

जाणार कुठे? देऊळ बांधाच्या टोकावर. पुढे पाणी, मागे गर्दी, आणि मधे हे घर. लीलाने दार लावून घेतलं. पण दुपारभर बाहेरून ढोलकी ऐकू येत होती, आणि आपलाच आवाज तिच्या कानात घुमत होता, कालच्याइतकंच आहे, कालच्याइतकंच आहे. एक अक्षर खोटं न बोलता तिने एका बाईला वस्तऱ्याखाली आणून ठेवलं होतं.

संध्याकाळी कुसमाला नावेतून आणलं. तिच्याच वस्तीतले चौघं होते, तिच्या नजरेला नजर न देणारे. न्हावी वस्तरा घेऊन बसला. लू अंगावर येत होती, ध्वज फडफडत होता, म्हणजे बाबांचं आज मौन नव्हतं.

लीला ट्रे घेऊन पायऱ्या उतरली. "बाबाजी, पहले चाय. इतना बड़ा काम है, गला सूख जाएगा."

बाबा प्रसन्न झाले. लीलाने मुद्दाम चहा उकळता आणला होता, आणि बशी चांगली मोठी, काठोकाठ भरून. बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली, वाऱ्याकडे पाठ केली आणि सवयीने फुंकर मारली. चहा पलीकडच्या कडेवरून सांडला, तो समोर बसलेल्या ठेकेदाराच्या धोतरावर.

"अरे, अरे! जल गया!"

"एक बात पूछूँ, बाबाजी?" लीलाने ट्रे पायरीवर ठेवला. "आपने फूँका तो चाय आपसे दूर भागी. ताल को भी आप फूँकते हैं. तो ताल आपके पास कैसे आता है?"

मग मागून एक म्हातारी खुदकन हसली. "बात तो सही है. चाय तो भागत है!"

बाबांनी क्षणभर बशीकडे पाहिलं. पण ते मोठे हुशार, बोट एकदम कुसमाकडे गेलं. "क्योंकि उधर से ये फूँकती है! डायन!"

लोक पुन्हा उसळले. न्हावी उठला. लीला मधे जाऊन उभी राहिली.

"फिर तो पानी ये चढ़ाती है!" ती ओरडली. "नारियल इसके सामने फोड़ो! और बाबाजी को नाव में बिठाकर उस पार भेज दो, रात को पीने के लिए!"

आता हसणारी म्हातारी एकटी नव्हती. हसू पायरी पायरीने वर चढत गेलं.

"ऊपर देखो," लीलाने ध्वज दाखवला. "फूँकने वाली हवा है, और कोई नहीं. ये इधर फूँके तो पानी इधर, और उधर कुसमा के घर के आगे कीचड़. बशी देखो ना. जहाँ से चाय हटी, वहाँ कुसमा रहती है."

तिने बशी वर धरली. जरा कलती केली. उरलेला चहा एका कडेला गेला आणि निळं फूल उघडं पडलं. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना.

"मेरी बात मत मानो. मैं चौथी पास हूँ. आज कुसमा मेरे घर रहेगी, आप दस लोग दरवाज़े पर बैठो. भुनसारें आकर खुद देखो."

"ब्रह्ममुहूर्त में हमारा मौन रहता है," बाबा म्हणाले.

"आप मौन ही रहिए," तिवारी साहेबांनी आज पहिल्यांदाच तोंड उघडलं. फाटकाच्या कागदावर सही त्यांची व्हायची होती.

पहाटे घाट पुन्हा भरला. जयजयकार नव्हता. दाराशी बसलेल्यांनी साक्ष दिली की कुसमा रात्रभर लीलाच्या स्वयंपाकघरात घोरत होती, आणि ते घोरणं ऐकून त्यांनाच झोप लागली नाही. पायरी कोरडी होती. दत्तात्रेयाने बायकोचा हात धरला, स्वतः खाली उतरला, पट्टीला नाक लावलं आणि अधू डोळ्यांनी खरा आकडा मोठ्याने वाचला. तो ऐकून कुणी हसलं नाही. समोरच्या काठावरून वस्तीतल्या पोरांच्या आरोळ्या येत होत्या, "आ गओ! पानी आ गओ!" आणि कुसमा इथे, सगळ्यांच्या मधे, चूळ भरत उभी होती.

तंबू रिकामा होता. बाबा पहिल्या बसने गेले म्हणतात. ठेकेदाराने आपण त्यांना ओळखतच नाही असं सांगितलं. कुसमाला नावेतून आणणारे चौघं तिला परत न्यायला पुढे झाले, तेव्हा ती म्हणाली, "नाव हम खेबी. तुम बैठो, और उलीचो." तिने वल्हं स्वतःकडे घेतलं आणि त्यांच्यापुढे पाणी उपसायचा डबा टाकला.

चमत्कार उघडा पडला म्हणून पाऊस काही आला नाही. लू तशीच वाहत होती, आकाश तसंच पितळी होतं, आणि जाण्यासारखी दुसरी जागा कुणालाच नव्हती. फाटक मात्र बंद राहिलं. मोहल्ल्यांची पाण्याची पाळी लागली, आणि पट्टी भिनसारी वाचायची असं ठरलं. संध्याकाळी काही बायका अजून त्या पायरीवर फूल ठेवून जात. लीला त्यांना काही म्हणत नसे. फक्त घरात बोलवी, चहा देई, बशीत.

बायांनो, भल्या माणसांनो, पाणी कुणी फुंकरीने आणत नाही आणि कुणी नजरेने पीत नाही. ते असतं तेवढंच असतं. आकडा खरा असला, तरी तो कुठल्या वेळी आणि कुठल्या काठावर उभं राहून वाचला, हे विचारा. आणि आपल्या पायाशी पाणी चढताना दिसलं की हात जोडण्याआधी पलीकडच्या काठावर एक नजर टाका. तिथे कुणाच्या तरी दारात त्याच वेळी चिखल उघडा पडलेला असतो.