कोऱ्या समासांची कादंबरी

मित्रांनो, माझी पाठ तीनदा शिवलेली आहे आणि शेवटचं पान डिंकावर तग धरून आहे, तरी मला टाकाऊ समजू नका. मी एक जुनी कादंबरी आहे. बर्फात अडकलेल्या एका डाकवाल्याची गोष्ट माझ्या पोटात आहे. एक दिवा, थोडं तेल आणि न पोचलेली पत्रं घेऊन तो अख्खा हिवाळा झोपडीत काढतो.

हैदराबादेत बरकतपुऱ्यात राहणाऱ्या मुकुंदराव गुरुजींनी मला अफझलगंजमध्ये विकत घेतलं. ते मॅट्रिकला मराठी शिकवत. सहा वर्षं त्यांनी माझ्या समासांत पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं. वादळाआधी कुत्रं रडतं, तिथे ‘पूर्वसूचना’. पत्रांपाशी ‘माणसांची ओढ’. दिव्यापाशी ‘प्रतीक: आशा’. ज्याला पटलं नाही त्यानं खाली आपलं म्हणणं लिहायचं, अशी त्यांच्या वर्गाची रीत होती. माझे इतके लाड पुन्हा कुणी केले नाहीत.

लिहायचं धाडस वर्गातल्या एकट्या पंचफुलानं केलं. दिव्याच्या टिपेखाली तिने लिहिलं, ‘दिवा जळतो तेव्हा डाकवाला भ्यालेला असतो. विझवून तेल राखतो, तेव्हा उद्याचा दिवस आहे असं मानतो.’ गुरुजींनी ते वर्गाला दोनदा वाचून दाखवलं.

मग छप्पन साल आलं. हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि गुरुजींना औरंगाबादला जायचा हुकूम आला. पंचफुलाचे वडील रेल्वेत होते, ते इथेच राहणार होते. मार्चमध्ये तिची परीक्षा होती, मी अभ्यासाला लागलेली होते आणि दुकानांत माझी दुसरी प्रत मिळेना. गुरुजींनी मला आठ दिवस तिच्याकडे दिलं. ते निघायच्या सकाळी ती मला परत घेऊन आली.

पण गुरुजींच्या हाती मळकं पुस्तक कसं द्यायचं, म्हणून त्या भल्या मुलीनं रबरानं माझे सगळे समास पुसून काढले होते. मला ओरडता येत नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

गुरुजी पानं उलटत राहिले.

“एकदम साफ केलं, गुरुजी,” पंचफुला म्हणाली. “तिकडच्या पोरांना नवं वाटंल.”

“अगं, सहा वर्षांच्या टिपा होत्या त्या. त्यांच्यावरच मी शिकवत होतो.”

तिचा चेहरा उतरला. “मला समद्या पाठ हायेत,” ती कशीबशी म्हणाली.

दारात टांगा उभा होता. पायरीवर बसून तिने पहिल्या पानापासून सांगायला सुरुवात केली. कुठे पूर्वसूचना, कुठे एकटेपणा, एकही टीप सुटली नाही. ती थांबली तेव्हा गुरुजींनी मला तिच्या मांडीवर ठेवलं.

“मला तिकडं दुसरी प्रत मिळेल, पोरी. इथं तुला मिळायची नाही.”

“अन् तुमच्या टिपा?”

“त्या तू सांभाळल्यास. तुझं दिव्याचं वाक्य तेवढं माझ्या वहीत लिहून दे. तिकडं मी ते तुझ्या नावानं शिकवीन.”

पंचफुला पास झाली, पुढे स्वतः शिक्षिका झाली. आता तिला दिसत नाही. तिची नात मराठी अक्षरं जुळवत, चुकत वाचते आणि अडली की आजी पुढचं सांगते. तासात एक पान होतं, पण मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझं कुणी भावंड कपाटात पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा. अडखळत वाचलेलं आम्हांला चालतं. मिटून ठेवलेलं मात्र सोसवत नाही.