चार वॅटचा आवाज

ऐकू येतंय का? मी ड्यूई हास्केटच्या ट्रकमधला सीबी रेडिओ बोलतोय, ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलतात तो. माझी ताकद चार वॅट. कुणी कुणाचा आवाज दाबू नये म्हणून सरकारने आम्हा सगळ्यांना तेवढीच ठरवून दिली आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या मोकळ्या रस्त्यावर तेवढ्या ताकदीत माझं बोलणं सात-आठ मैल सहज जायचं.

माईकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. बटण दाबून ड्यूई विचारायचा, पुढे बर्फ आहे का, कॉफी कुठे बरी मिळेल. बोलताना तोंडात डोनट असायचाच. माझ्या माईकच्या जाळीत अजून ती साखर चिकटलेली आहे.

त्या फेब्रुवारीत डिझेल महागलं आणि ट्रकवाल्यांनी संप पुकारला. ड्यूई तरीही दूध घेऊन निघाला. भर दुपारी एका पुलावरून गोळी आली. काच फुटली, ड्यूईचा डावा दंड फाटला आणि ट्रक रस्त्याकडेच्या चरात आडवा झाला. माझी बटणं रक्ताने चिकट झाली.

त्याने उजव्या हाताने माईक ओढला. "गोळी लागलीय... विलो ओढ्याचा पूल... कुणी आहे का?"

मी जीव तोडून ओरडलो. पण सहा मैलांवरच्या ट्रकतळावर संपातला क्लीट मॅरो आपल्या ट्रकमध्ये गरजत बसला होता. त्याच्या सीटखाली आवाज वाढवणारं बेकायदा यंत्र होतं, पाचशे वॅटचं. "संप मोडणाऱ्या कुत्र्यांनो, या इकडे! एकेकाचे दात घशात घालतो!" ड्यूईने मला संकटासाठी राखलेल्या नऊ नंबरच्या चॅनेलवर नेलं. क्लीटचा आवाज तिथेही झिरपत आला.

श्वास घ्यायला क्लीटने क्षणभर बटण सोडलं, तेवढ्यात आमचे दोन शब्द निसटले: गोळी, पूल. तिथेच आपल्या ट्रकमध्ये डिझेल भरत असलेल्या ओर्लीन टिब्जने ते ऐकले. पुढचं सगळं मला ऐकू आलं, कारण क्लीटचा अंगठा पुन्हा बटणावर होता.

"क्लीट, बटण सोड. कुणीतरी मरतंय."

"तू कोण गं मला सांगणारी? चल, फूट!"

ओर्लीनचा हातोडा बसला. हाड मोडलं. क्लीट किंचाळला. मग त्या यंत्राच्या पत्र्यावर घाव, आणखी एक घाव, आणि सगळा मुलूख गप्प झाला.

"बोल रे बाबा," ओर्लीन आपल्या रेडिओवरून म्हणाली. "कुठला पूल?"

ती आली. कमरेचा पट्टा काढून तिने त्याचा दंड करकचून बांधला. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आला असता तर हात वाचला असता. गोळी झाडणारा सापडलाच नाही.

आता मी ड्यूईच्या स्वयंपाकघरात असतो. गेल्या आठवड्यात त्याने एक खोकं आणलं. त्याची बायको नदीन दारातच थबकली.

"ड्यूई, हे तसलंच ना? ज्याने तुझा हात खाल्ला?"

"यापुढे माझा आवाज कुणी दाबणार नाही, नदीन."

त्याने ते यंत्र मला जोडलं. आता तो बोलतो तेव्हा घरातले दिवे मंदावतात, माझ्या तारा तापतात आणि मला दुसरं कुणीच ऐकू येत नाही. आमच्या आवाजाखाली कुणी एखाद्या पुलाचं नाव सांगत असेल, तर मी काय करू?

बाबांनो, हवं तेवढं बोला. फक्त अधूनमधून अंगठा उचलत जा.

ड्यूई बोलतोय. वीस मिनिटं झाली. अंगठा बटणावरच आहे.