फटीतले हत्ती

मित्रांनो, मी जुनी आहे हे माझ्याकडे बघूनच कळेल. कशाकशाने जुनी झाले, ते मात्र सांगावं लागेल. मी एक उंच खुर्ची आहे. ज्या मुलांची हनुवटीसुद्धा टेबलापर्यंत पोचत नाही, त्यांना बसवायला हॉटेलात ठेवतात ना, तसली. पुढे ताटलीपुरती फळी, कमरेला पट्टा आणि पाय टेकायला आडवी दांडी. माझ्यावर बसून कितीतरी मुलांनी आयुष्यातले पहिले घास गिळले आणि त्याहून जास्त थुंकले. त्याचा मला कधी राग आला नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तोच आज सांगायला बसले आहे. म्हणजे बसायचं काम इतरांचं, मी आपली उभीच असते.

मला घडवलं एका सुतारानं. तो घाई करणारा माणूस नव्हता. मी तयार झाल्यावर त्याची बायको तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन आली, माझ्या कडांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कोपरे अजून घासा हो. लेकराच्या कपाळाला लागले म्हणजे?" त्यानं निमूटपणे पुन्हा पॉलिशपेपर हातात घेतला. बैठक आणि पाठ यांच्यामध्ये त्यानं एक फट ठेवली आणि तिच्याखाली छोटासा खण केला. सांडलेली शितं खणात पडावीत, रात्री खण ओढून झटकला की काम झालं, असा त्याचा साधा हिशेब होता.

एका खानावळवाल्यानं मला विकत घेतलं. त्याच्याकडे भात, भाजी, उकडलेले बटाटे, अंडी असं घरच्यासारखं जेवण मिळायचं. खानावळवाल्याची बायको भात कुस्करून मुलांपुढे ठेवायची आणि रोज न चुकता माझा खण झटकायची. "ही खुर्ची नाही, माझी सवत आहे. हिचंच जास्त करावं लागतं," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि वर माझी फळी चकचकीत पुसायची. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग म्हातारा-म्हातारी थकले आणि दुकान मुलाकडे आलं. त्यानं भिंती लाल केल्या, मला पिवळा रंग फासला आणि मागच्या बाजूला तळणीची मोठी यंत्रं आणून बसवली. आता इथे बर्गर, फ्राइज, नगेट्स आणि थंडगार गोड पेयं मिळू लागली. लहान मुलांसाठी खास खोकं असे आणि त्यात एक खेळणं. मी नाक मुरडलं, असं म्हणणार नाही. खरं तर मला मजाच वाटली. पूर्वी मुलांना माझ्यावर बसवायला ओढून आणावं लागे, आता ती उड्या मारत येत. माझा खण झटकायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नव्या मालकाला तो असल्याचंच माहीत नव्हतं.

बिट्टी पहिल्यांदा आली ती एका रविवारी. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही, घरात सगळे तिला बिट्टीच म्हणत. सोबत आई, बाबा आणि आजोबा. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर, बाबा बसचे चालक आणि आजोबा, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, ते घड्याळं दुरुस्त करून करून आता निवृत्त झालेले. आईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "हे बघा, आठवड्यातून एकदाच. रविवारी, सगळे मिळून. मधे कुणी लाड करायचे नाहीत. अण्णा, तुम्हालाही सांगतेय."

"मी कशाला करतोय?" अण्णा म्हणाले.

त्या दिवशी बिट्टी पहिली फ्राइज तोंडात घालून इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसंही हसायला लागली. खोक्यातून हत्ती निघाला, अंगठ्याएवढा, निळा. तो तिनं प्रत्येकाच्या डोक्यावर चालवला. मला तो रविवार फार आवडला. अशा रविवारात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पण पुढे आजोबा एकटेच तिला घेऊन आले. बालवाडी सुटल्यावर तिला घरी न्यायचं काम त्यांच्याकडे होतं. दिवसभर घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नसे आणि नातीचं ते हसू त्यांना पुन्हा बघायचं होतं. खाऊन झाल्यावर त्यांनी रुमाल ओला केला, तिचं तोंड, बोटं, अगदी नखांच्या कडाही पुसल्या. घड्याळवाल्याचे हात ते, कण शिल्लक राहिला नाही. मग वाकून म्हणाले, "आईला नाही हं सांगायचं. हे आपलं दोघांचं गुपित. आणि हा नवा हत्ती इथेच ठेव, घरी दिसला तर माझी काही खैर नाही."

बिट्टीनं मान डोलावली. आजोबा हात धुवायला गेले तेव्हा तिनं तो निळा हत्ती माझ्या फटीत सरकवला. खणात तो टप्पकन पडला. मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात बाबा आले. त्यांची पाळी लवकर संपली होती आणि एरवी लेक जागी असताना ते क्वचितच घरी असत. "आठवड्यातून एकदा बापलेकींनी मजा केली तर काय बिघडतं?" असं ते काउंटरवरच्या ताईला म्हणाले, जणू तिनं काही विचारलंच होतं. निघताना त्यांनी रिकामं खोकं रस्त्यापलीकडच्या कचरापेटीत नेऊन टाकलं आणि बिट्टीच्या कानात म्हणाले, "आईला कळता कामा नये. अण्णांनाही नाही."

आणि मित्रांनो, मग आईसुद्धा आली. खिडकीकडे पाठ करून बसली. मशीनवर मान मोडेपर्यंत काम करून आली होती, घरी जाऊन स्वयंपाक करायचं त्राण तिच्यात नव्हतं. "आजच्या दिवस हं बिट्टे," ती म्हणाली, "मीच नियम केला आणि मीच मोडला असं व्हायला नको. कुणाला बोलू नकोस." तिचे डोळे भरून आले होते. तिला नावं ठेवायची माझी हिंमत होत नाही.

आजचा दिवस मग दर आठवड्याला येऊ लागला. प्रत्येकजण मनाशी म्हणे, मी काही रोज देत नाही, एकदाच तर देतो. प्रत्येकाचं 'एकदा' खरं होतं. पण पोट एकट्या बिट्टीचं होतं, आणि त्यात सगळ्यांचं 'एकदा' जाऊन पडत होतं. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

हळूहळू बिट्टीचं हसू गेलं. आता ती पहिल्या फ्राइजला हसत नसे, खोकं समोर आलं की मुकाट्यानं खायला लागे. पट्टा एका भोकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेला. खाता खाता मध्येच ती पोट धरून वाकायची. हत्ती मात्र नेमानं माझ्या फटीत जायचा. रविवारी आई कुरकुरायची, "घरी घासाला शिवत नाही हो ही. भाजी पुढे केली की तोंड फिरवते. रात्री पोट दुखतं म्हणून रडते, संडासला बसली की किंचाळते. काय करावं कळत नाही." आजोबा टेबलाकडे बघत राहायचे. बाबा स्ट्रॉ चघळायचे.

मग एका रविवारी ते डॉक्टरांबद्दल बोलत आले. डॉक्टरांनी विचारलं होतं, बाहेरचं तळलेलं, गोड किती वेळा होतं? आईनं सांगितलं, आठवड्यातून एकदा. बाबा तिथेच उभे होते, तेही हो म्हणाले. आजोबांनीही मान हलवली. डॉक्टर म्हणाले, मग तेवढ्यानं असं व्हायचं नाही, दुसरं काहीतरी असणार, तपासण्या करून बघू.

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. फळी आपटावी, पट्टा तोडावा, काहीतरी करावं असं वाटलं. पण लाकडाचं कोण ऐकतं?

पुढच्या आठवड्यात बिट्टी आली तेव्हा तिच्या दंडाच्या खाली, कोपराच्या खोबणीत कापूस आणि चिकटपट्टी होती. आजोबांनी तिला आणलं होतं. "फार रडली गं पोर," ते ताईला म्हणाले, "दोघीतिघींनी धरून रक्त काढलं. जरा मन रमेल म्हणून आणली." त्यांनी तिला नेहमीपेक्षा मोठं खोकं घेऊन दिलं. दोन दिवसांनी बाबांनी आणलं, दुसऱ्या हातावर चिकटपट्टी होती. "पहिल्यात काही सापडलं नाही म्हणून पुन्हा काढलं," ते म्हणाले, आणि त्यांनीही मोठंच खोकं घेतलं. मग आई आली आणि बिट्टीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बसून राहिली. बिट्टी फ्राइज चावत आईच्या तोंडाकडे बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, असं मला वाटतं. तिनं घास गिळला आणि पुढची फ्राइज उचलली. सांगायचं नाही म्हणून तिला घरातल्या प्रत्येकानं सांगितलं होतं.

त्या रविवारी चौघं आली ती काळजीनं काळवंडलेली. आता मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं, तिथे बिट्टीला झोपवून पोटात नळी घालून बघणार होते. आई नीट बोलूही शकत नव्हती. बाबांनी बिट्टीला माझ्यावर बसवलं. पट्टा शेवटच्या भोकालाही पुरेना, तो त्यांनी तसाच सोडून दिला.

ताईला एरवी रविवारी सुट्टी असे, त्या दिवशी मात्र ती कामावर होती आणि खुशीत होती. टेबल पुसायला आली आणि हसत म्हणाली, "अरे वा, बिट्टीताई! आज तिघंही एकदम? एरवी तर एकेकाला वेगवेगळं फिरवतेस! परवा आई, त्याआधी बाबा, त्याआधी आजोबा. मजा आहे बाई तुझी!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताईला काय चुकलं ते कळेना, ती फडकं घेऊन मागे सरली.

"अण्णा, तुम्ही?" आई म्हणाली.

"आणि तू?" बाबा तिला म्हणाले.

"तुला बोलायला तोंड आहे का?" अण्णांचा बाबांवर आवाज चढला. "मी आठवड्यातून एकदा आणतो फक्त!"

"मीही एकदाच!" बाबा म्हणाले.

"अहो मग डॉक्टरांसमोर का नाही बोललात? तिला सुया टोचत होते, तुम्ही उभे होतात ना तिथे?" आई म्हणाली.

"तू तरी कुठे बोललीस?"

आवाज वाढत गेले. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. आणि बिट्टी माझ्यावर बसून थरथरत होती. माझ्या चारही पायांना ते जाणवत होतं. तिला वाटलं, हे भांडण आपल्यामुळे झालं. आपण कुणाचंतरी गुपित फोडलं, असं ह्यांना वाटतंय.

"मी नाही सांगितलं!" ती एकदम किंचाळली. "आई, मी अण्णांचं नाही सांगितलं! बाबा, मी तुमचं पण नाही सांगितलं! हे बघा, मी घरी एक पण नेला नाही!"

ती मागे वळली, पाठीमागच्या फटीत हात घातला आणि एक हत्ती बाहेर काढला. मग दुसरा. मग आणखी एक. निळे, तांबडे, हिरवे, खाऊच्या चुऱ्यानं माखलेले. एकेक काढून ती फळीवर ओळीनं मांडत गेली, आणि प्रत्येक हत्ती ठेवताना आळीपाळीनं तिघांकडे बघत गेली, आता तरी विश्वास बसला का म्हणून. फळी भरली तेव्हा हत्ती खाली पडू लागले.

 ज्या हातांनी आजोबांनी तिची नखं पुसली होती, ते हात त्यांनी तोंडावर घेतले. बाबांनी फोन काढला आणि कोपऱ्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, अगदी सगळं, तिघांचंही.  आईनं बिट्टीला माझ्यावरून उचललं आणि घट्ट धरलं. "तू काही केलं नाहीस गं, तू काही केलं नाहीस," एवढंच ती म्हणत राहिली. खोकी उघडलीही गेली नाहीत.

त्यानंतर फार दिवस ती कुणीच आली नाहीत. रिकामी असताना मी दाराकडे बघत राहायचे. येऊ नयेत असंही वाटायचं, आणि बिट्टी बरी आहे का ते कळावं असंही. मग माझा एक पाय लटपटायला लागला. मालकानं प्लॅस्टिकच्या नव्या खुर्च्या आणल्या आणि मला स्वयंपाकघराच्या दाराशी, कांद्याच्या पोत्यांजवळ सरकवलं.

तिथूनच मी तिला शेवटचं पाहिलं. रविवार होता, चौघं होती. बिट्टी उंच झाली होती, रोड झाली होती, आणि मोठ्यांच्या खुर्चीवर बसली होती. मोठ्या दवाखान्यात जावंच लागलं नाही, हे आईच्या बोलण्यातून कळलं. मला इतकं हायसं वाटलं की लटपटता पायही क्षणभर विसरले. खोकं समोर आलं. बिट्टीनं एक फ्राइज उचलली, तोंडाजवळ नेली आणि थांबली. तिनं आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "हे सगळ्यांना माहीत आहे ना?"

"हो राजा, सगळ्यांना," आई म्हणाली. तरी बिट्टीनं एकदा मागे वळून, कुणी ऐकत तर नाही ना, असं पाहिलं. मगच खाल्लं.

मित्रांनो, खाऊ वाईट नसतो असं मी तुम्हाला बेधडक सांगू शकत नाही, आणि तो खाऊच नका असंही नाही. फ्राइजमुळे आलेलं पोटाचं दुखणं गेलं, पण त्या मागे वळून बघण्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तेव्हा एवढंच करा. कुणी कितीही लाडानं म्हणालं, "घरी सांगू नकोस", तरी तो घास खाली ठेवा आणि घरी जाऊन सांगा. आणि हे वाचून दाखवणारी मोठी माणसं जवळ असतील, तर त्यांनी आज जेवताना एकमेकांना विचारावं, तू किती वेळा देतोस, मी किती वेळा देते.

माझ्या खणात अजून एक हत्ती आहे. निळा, फटीतून पडलेला पहिला. तो अगदी तळाशी होता, त्या दिवशी तिचा हात तिथवर पोचला नाही. कुणी खण ओढला तर सापडेल.