हिरव्याचा आलेख

हेमंताचं ऊन नागपूरवर निथळत होतं; निरभ्र, निर्लेप, निरुत्सुक. प्रयोगशाळेच्या काचांतून ते आत आलं आणि वासंती धोटेच्या टेबलावरच्या एका खड्यापाशी थबकलं. मोरकंठी, शेवाळगर्भ, पाणीदार हिरवा खडा.

खडा केदार सरांचा. चाळीस वर्षांपूर्वी बालाघाटकडच्या एका तांब्याच्या खाणीत तो त्यांना सापडला होता. त्याचे रेखीव कोन पाहून त्यांनी छापील लेखात त्याला डायॉप्टेज म्हटलं: तांब्याचं दुर्मीळ, स्फटिकशुद्ध सिलिकेट. काहींनी शंका घेतली, फोडून तपासा म्हणाले. सरांनी फोडला नाही. ते त्याच्याकडे पाहत राहिले, वर्षानुवर्षं पाहत राहिले, आणि पाहता पाहता डोळेच विझले. आता एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी तो आपल्या या विद्यार्थिनीच्या हाती ठेवला आणि सांगितलं, आता कूट.

वासंतीने कूटला. अकीकाच्या खलात हिरवा फिकटला. पोपटी झाला, मग धूसर, मग शुभ्राच्या उंबरठ्यावर थांबलेली नुसती एक हिरवी छटा.

त्या भुकटीतून अवरक्त प्रकाश गेला. तांबड्यापलीकडचा, कुणाच्याच डोळ्यांना न दिसणारा. डायॉप्टेज असता तर पार झालेल्या प्रकाशाच्या आलेखात उलटे सुळके उतरले असते, निमुळते, धारदार. पडद्यावर उमटल्या त्या रुंद, सैल, ओथंबलेल्या दऱ्या. म्हणजे कणाकणांत विस्कळीत पाणी. ते रेखीव कोन दुसऱ्याच कुठल्या खनिजाचे. ते खनिज विरून गेलेलं, आणि त्याच्या रिकाम्या आकारात भरलेला क्रायसोकोला. तोही तांब्याचंच सिलिकेट. पण साधा, खाणीखाणीत सापडणारा.

सर शेजारी बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांना पडदा दिसत नव्हता. तुमचंच बरोबर होतं, एवढं वासंतीने म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पुन्हा तपासायला खडा उरला नव्हता.

मग तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, तळवा उलगडला, आणि मनगटापासून बोटांपर्यंत तो आलेख तर्जनीने गिरवला. सावकाश, एकेक दरी, एकेक उतार.

सरांनी दुसऱ्या हाताचं बोट त्याच वाटेने फिरवून पाहिलं.

"सुळके नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत, सर."

"म्हणजे डायॉप्टेज नाही."

त्यांच्या आवाजात ना खंत होती, ना दिलासा. दुरुस्ती माझ्याच नावाने छापायची, असं त्यांनी तिला बजावलं. मग विचारलं, "आणि दिसणाऱ्या प्रकाशात काय येतं?"

तोही आलेख तिने काढला होता; तिने पुन्हा बोट टेकवलं. जांभळ्यापाशी रेषा सखल होती. निळ्याकडे चढली, चढत गेली, निळ्या-हिरव्याच्या मध्यावर तिचं शिखर झालं. पलीकडे तांबड्याचा लांब उतार होता. तिथवर बोट पोचू न देता सरांनी ते अंगठ्याने दाबून धरलं.

"इथंच थांब," ते म्हणाले.

आणि आपले विझलेले डोळे त्यांनी मिटून घेतले. अलगद, सावकाश, पाहण्यासाठी.